एकच माईक घ्यायचा असेल तर...

लग्न-वलीमा, उर्स, मुशायरे आणि जलसे यांच्या निमित्ताने साउंड सर्व्हिसच्या धंद्यात आपले बरेच तरुण आहेत. कव्वाली व नातच्या रेकॉर्डिंगचे कामही आता त्यांच्याकडे येते. भांडवल मात्र बेताचेच असते. म्हणून दोन्ही कामांना चालेल असा माईक कोणता, हे खरेदीआधी समजून घ्यावे.

माईकचे मुख्य प्रकार दोन. डायनॅमिक माईकमध्ये पातळ पडद्याला तारेचे वेटोळे जोडलेले असते. आवाजाने पडदा हलला की हे वेटोळे चुंबकाजवळ हलते व वीज निर्माण होते. त्याला बाहेरून वीज लागत नाही. कंडेन्सर माईक अधिक बारीक आवाज टिपतो. पण त्याला मिक्सरमधून बहुधा 48 व्होल्टचा पुरवठा लागतो आणि पंख्याची घरघर, रस्त्यावरचे हॉर्नही तो उचलतो. धूळ, दमट हवा व आदळआपट यांत डायनॅमिक जास्त टिकतो. म्हणून पहिली खरेदी त्याचीच करावी. रेकॉर्डिंगसाठी वेगळी शांत खोली झाली की कंडेन्सर घ्यावा.

माईक 'कार्डिऑइड' असावा. तो समोरचा आवाज जास्त व मागचा सर्वांत कमी घेतो. गायकासमोरचा स्पीकर माईकच्या पाठीमागे येईल असा ठेवला तर शिटी कमी वाजते. गायकाने जाळी मुठीत धरली की हा गुण जातो, हे त्याला आधीच सांगावे. जाळीपासून तोंड तीन-चार बोटे दूर ठेवावे. फार जवळ गेल्यास आवाज जाड व घुमट होतो.

शुअर कंपनीचे एसएम 57 (1965) आणि एसएम 58 (1966) हे या प्रकारातले नावाजलेले माईक. पहिल्याची टप्प्याची मर्यादा 40 ते 15,000 हर्ट्झ, तर दुसऱ्याची 50 ते 15,000 हर्ट्झ आहे. गाण्यासाठी गोल जाळीचा 58 सोयीचा, तर हार्मोनियम, ढोलकसाठी 57. फोमची टोपी चढवली की 57 गाण्यालाही चालतो.

नाव मोठे तेवढा नकली मालही फार. निम्म्या किमतीत 'ओरिजिनल' मिळत असेल तर सावध व्हावे. अधिकृत विक्रेत्याकडून पक्के बिल व वॉरंटी घ्यावी. नकली माईक असली म्हणून भाड्याने देणे हा गिऱ्हाइकाशी धोका आहे, आणि भर कव्वालीत तो बंद पडला तर ते गिऱ्हाईक पुन्हा येत नाही.

एक्सएलआर वायर चांगली घ्यावी. जाळी खोलून सौम्य साबणाने धुवावी व पूर्ण वाळल्यावरच बसवावी. जपून वापरलेला असा एक माईक वर्षानुवर्षे भाडे मिळवून देतो.