गावातला फिजिओथेरपिस्ट : गैरसमज आणि वस्तुस्थिती

ग्रामीण आरोग्याची चर्चा बहुधा डॉक्टर, परिचारिका, औषधे आणि रुग्णवाहिका यांच्यापाशीच थांबते. फिजिओथेरपी, म्हणजे व्यायाम, हालचालींचे पुनर्शिक्षण, सांध्यांवर हाताने केलेले उपचार आणि उष्णता वा विद्युतप्रवाह यांसारखी भौतिक साधने वापरून शरीराची कार्यक्षमता परत मिळवून देणारी उपचारशाखा, ही मात्र शहरी सोय मानली जाते. वास्तविक 2011 च्या जनगणनेत नोंदल्या गेलेल्या देशातील 2.68 कोटी दिव्यांग व्यक्तींपैकी सुमारे 1.86 कोटी ग्रामीण भागात राहत होत्या. गरज एकीकडे आणि प्रशिक्षित मनुष्यबळ दुसरीकडे, अशी ही स्थिती काही रूढ समजुतींच्या आधाराने टिकून आहे.

“मालिश आणि शेक, एवढेच ना?”

महाराष्ट्रात फिजिओथेरपीचा पदवी अभ्यासक्रम दीर्घकाळ आंतरवासितेसह, म्हणजे रुग्णालयातील सक्तीच्या प्रत्यक्ष कामासह, साडेचार वर्षांचा राहिलेला असून त्यात शरीररचना, चेतासंस्थेचे विकार, हृदय व श्वसनाचे आजार, अस्थिविकार अशा विषयांचा समावेश असतो. 2021 च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसंबंधीच्या राष्ट्रीय आयोग कायद्याने फिजिओथेरपिस्टची व्याख्या करताना तपासणी, निदान, प्रतिबंध आणि उपचार हे सारे त्याच्या कार्यकक्षेत धरले आहे आणि स्वतंत्रपणे किंवा अन्य तज्ज्ञांच्या जोडीने व्यवसाय करण्याची त्याला मुभा दिली आहे. शेक हा त्याच्या कामाचा फार छोटा भाग होय. पुष्कळ दवाखान्यांत यंत्र लावून रुग्णाला झोपवून ठेवण्यालाच उपचार म्हटले जाते, त्यामुळे हा समज पसरला असल्यास नवल नाही.

या शाखेचे रीतसर शिक्षण भारतात 1950 च्या दशकाच्या प्रारंभी मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाले, ते पोलिओच्या पार्श्वभूमीवर, कारण पोलिओने लुळ्या पडलेल्या पायाला कोणतेही औषध पुन्हा उभे करू शकत नव्हते. 2014 मध्ये भारत पोलिओमुक्त घोषित झाला; गरज मात्र संपली नाही, तिचे स्वरूप तेवढे बदलले.

“शेतात राबणाऱ्याला वेगळा व्यायाम कशाला?”

हा समज सर्वांत खोल रुजलेला आणि वरवर पाहता सर्वांत तर्कशुद्ध आहे. परंतु श्रम आणि व्यायाम यांत मूलभूत भेद असा की, व्यायामात भार क्रमाक्रमाने वाढवला जातो, विरुद्ध बाजूच्या स्नायूंनाही काम मिळते आणि मधली विश्रांती ठरलेली असते, तर श्रमात भार कामाने ठरतो आणि थांबण्याचा निर्णय शरीराच्या हाती नसतो. कोकणात भाताची लावणी करणारी स्त्री तासन्‌तास कमरेत वाकून चिखलात मागे सरकत असते, म्हणजे तिच्या पाठीचे स्नायू ताणलेल्या स्थितीतच सतत काम करीत राहतात. मराठवाड्यातून हंगामासाठी बाहेर पडणारे ऊसतोड कामगार 30 ते 40 किलोंची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढतात, आणि हे दिवसातून कितीतरी वेळा, महिनोन्‌महिने चालते. अशा श्रमाने शरीर काटक होते हे खरे, पण ठरावीक सांधे आणि मणके झिजतातही. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे 1996 मध्ये सुरू झालेल्या सर्वेक्षणात 4,092 प्रौढांपैकी 18.2 टक्के व्यक्तींनी सांधे, स्नायू व हाडांशी संबंधित तक्रारी सांगितल्या, म्हणजे सुमारे प्रत्येक पाच-सहा माणसांमागे एक. या तक्रारींवर गावात सहज मिळणारा उपाय म्हणजे वेदनाशामक गोळी किंवा इंजेक्शन. त्याने दुखणे दबते, माणूस त्याच पद्धतीने पुन्हा वाकतो, आणि अशा गोळ्या दीर्घकाळ घेतल्याने जठर व मूत्रपिंडांवर होणारा परिणाम वेगळाच. ओझे कसे उचलावे, अवजाराचा दांडा किती लांब असावा, दिवसाच्या शेवटी कोणते स्नायू ताणावेत, हे सांगणाऱ्याला त्या कामाची प्रत्यक्ष ओळख असावी लागते, आणि केवळ संगणकापुढे बसणाऱ्यांच्या मानदुखीवर शिकलेल्या पदवीधराला ती असण्याचे कारण नाही.

“प्लास्टर निघाले म्हणजे हाड जुळले”

हाड जुळणे आणि अवयव कामाला येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनेक आठवडे जखडून राहिलेला सांधा आखडतो व स्नायू रोडावतात, आणि वेळेवर हालचाल करवून घेतली नाही तर नीट जुळलेल्या हाडाचा हातसुद्धा विळा धरू शकत नाही. हाडवैद्याने घट्ट बांधलेल्या पट्टीमुळे रक्तप्रवाह रोखला जाण्याचा धोका निराळाच.

“अंगावरून वारे गेले, आता देवाच्या हाती”

मेंदूचा रक्तपुरवठा खंडित झाल्याने किंवा मेंदूत रक्तस्राव झाल्याने येणाऱ्या आघाताचा एक परिणाम म्हणजे अर्धांगवायू, आणि हा आजार शहरी, सुखवस्तू माणसांचा असल्याची समजूत आता टिकणारी नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी स्थापन केलेल्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील 86 गावांत मृत्यूंच्या कारणांचा अभ्यास केला. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार तेथील 14.3 टक्के मृत्यू मेंदूच्या आघाताने झाले होते आणि ते मृत्यूचे सर्वांत मोठे कारण होते. जे वाचतात त्यांचे पुढे काय होते, हा प्रश्न फिजिओथेरपीचा आहे. इजा न झालेले मेंदूचे भाग सरावाने गमावलेल्या कामाचा काही वाटा उचलू शकतात, आणि ही सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक वेगाने होते. नेमका हाच काळ अनेक कुटुंबांत तेल, मंतरलेला दोरा आणि दूरच्या एखाद्या गावचे प्रसिद्ध औषध यांच्या शोधात जातो. दरम्यान, उठवताना लुळ्या हाताला धरून ओढल्याने खांद्याचा सांधा सैल होतो, पाऊल खाली लोंबून आखडते आणि कूस न बदलल्याने पाठीला जखमा होतात. आघाताने न केलेले हे नुकसान अज्ञानाने होते.

“घरचे लोक करतील, आशाताई दाखवतील”

मनुष्यबळाच्या टंचाईवर हा उपाय वारंवार सुचवला जातो आणि त्याची भारतातच चाचणी झाली आहे. 14 रुग्णालयांतील 1,250 आघातग्रस्तांवर झालेल्या ‘अटेंड’ या अभ्यासात कुटुंबीयांना प्रशिक्षण देऊन घरी पुनर्वसन करवून घेतले गेले; 2017 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार सहा महिन्यांनंतर मृत्यू किंवा परावलंबित्व यांच्या प्रमाणात नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत फरक पडला नाही. यावरून कुटुंब निरुपयोगी ठरत नाही. परंतु तज्ज्ञाचे काम घरच्यांकडे सोपवले की प्रश्न सुटला, असे मानायला आधार राहत नाही. त्याच नियतकालिकात 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अ‍ॅव्हर्ट’ अभ्यासात, आघातानंतर 24 तासांच्या आत रुग्णाला वारंवार व जास्त प्रमाणात उठवण्याने परिणाम उलट खालावल्याचे दिसले. केव्हा उठवावे, किती चालवावे आणि केव्हा थांबावे, हा निर्णय प्रशिक्षित नजरेचा असतो. तो झाल्यावर रोजचा सराव करवून घेण्यात घरचे लोक आणि आशा कार्यकर्ती यांची मदत मोलाची ठरते.

“जिल्ह्याच्या गावी सोय आहे की”

शस्त्रक्रियेसाठी माणूस एकदा कर्ज काढून शहरात जातो, पण फिजिओथेरपीला आठवड्यातून दोन-तीन वेळा, कित्येक आठवडे जावे लागते, आणि प्रत्येक फेरीत रुग्णाची व सोबत्याची मजुरी बुडते. म्हणून अंतराचा फटका या उपचाराला इतर उपचारांहून अधिक बसतो. 2013 मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात बालकांतील दोष गावपातळीवर शोधले जातात, परंतु त्यांवरील उपचारांसाठी फिजिओथेरपिस्टचा समावेश असलेली शीघ्र हस्तक्षेप केंद्रे जिल्हा पातळीवर असतात; मेंदूच्या पक्षाघाताने, म्हणजे जन्माच्या आसपास मेंदूला झालेल्या इजेने, हातपाय ताठरलेल्या मुलाला दुर्गम पाड्यावरून तेथे नियमित नेणे किती आईबापांना जमेल, हे सांगायला आकडेवारी लागत नाही.

“कॉलेजे वाढवा, माणसे आपोआप मिळतील”

लोणी, सावंगी, कराड अशा महानगरांबाहेरच्या ठिकाणी फिजिओथेरपीची महाविद्यालये आहेतच, तरी गावांतील टंचाई टिकून आहे. तेव्हा केवळ महाविद्यालयाचा पत्ता गावाजवळ असल्याने पदवीधर गावात राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2010 मध्ये आणि सुधारित रूपात 2021 मध्ये दिलेल्या शिफारशींत ग्रामीण पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांना प्रवेश, शहराबाहेर शिक्षण, ग्रामीण भागातील प्रत्यक्ष अनुभव आणि नंतर योग्य वेतन व निवास या बाबी एकत्र मांडल्या आहेत, आणि त्यांतील एकच उचलून बाकीच्या सोडल्या तर फळ मिळण्याची शक्यता थोडी. आंतरवासितेचा ठरावीक काळ ग्रामीण रुग्णालयात सक्तीचा करणे आणि त्याच रुग्णालयात कायम पद निर्माण करणे ही दोन पावले बरोबरच पडायला हवीत, कारण कंत्राटी नेमणुकीच्या भरवशावर कोणी तालुक्यात घर करीत नाही. साधनांचा खर्च ही तर फारशी अडचणच नाही: तपासणीचे लाकडी बाक, चालण्याच्या सरावासाठी दोन समांतर दांड्या, वाळूच्या पिशव्या, काही पायऱ्या आणि आरसा एवढ्यावर प्राथमिक विभाग सुरू होतो, आणि हे सारे तालुक्याचा सुतार व लोहार बनवून देऊ शकतात.