नागपूरच्या उन्हात मुरणारी व्हिस्की

मौद्याहून नागपूर ओलांडून दक्षिणेला गेलं की बुटीबोरी लागते. पर्नो रिकार या फ्रेंच कंपनीने २०२४ मध्ये तिथल्या माल्ट डिस्टिलरीसाठी राज्य सरकारशी करार केला. दहा वर्षांत सुमारे १,७८५ कोटींची गुंतवणूक आणि स्थानिक शेतकऱ्यांकडून सातूखरेदी, अशी ही योजना. धान पिकवणाऱ्या मौद्याने तिच्यावर नजर ठेवायलाच हवी.

सातूला मोड आणून वाळवलं की माल्ट होतो. तो दळून गरम पाण्यात कालवायचा, गोड रस आंबवायचा आणि तांब्याच्या भट्टीत गाळायचा. हाती येतं ते पाण्यासारखं रंगहीन मद्य. सोनेरी रंग आणि बराचसा स्वाद देतं ओकचं पिंप.

स्कॉच किमान तीन वर्षं स्कॉटलंडमध्येच मुरावी लागते. तिथल्या गारव्यात पिंपातून वर्षाला जेमतेम दोन टक्के मद्य उडतं. आपल्याकडच्या उष्म्यात आठ-दहा टक्केही. बदल्यात लाकडाचा अर्क लवकर उतरतो. गोव्यात कुंकळ्ळीला तयार होणारी पॉल जॉन याच उष्म्यात मुरते. २०१२ मध्ये ती लंडनच्या बाजारात उतरली.

स्कॉचची भरलेली पिंपं गुंतवणूक म्हणूनही विकली जातात. इथे मात्र डोळे उघडे ठेवावेत. ब्रिटनमध्ये एकच पिंप अनेकांना विकल्याची प्रकरणं उघडकीस आली आहेत. विक्रेत्याच्या रंगीत प्रमाणपत्राने मालकी सिद्ध होत नाही. पिंप आपल्या नावावर असल्याची खात्री थेट गोदामाकडूनच करून घ्यावी. शिवाय मद्यांश ४० टक्क्यांखाली घसरला, तर ते मद्य स्कॉच म्हणून विकताच येत नाही.