टर्बोची शिट्टी आणि घरची जीप

बंगळूरहून म्हैसूरकडे निघाले की थोड्याच वेळात बिडदी लागते. ताटलीएवढ्या तट्टे इडलीसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात टोयोटा किर्लोस्करचा मोटारींचा कारखाना आहे. १९१० साली किर्लोस्करवाडीच्या माळावर नांगर घडवणाऱ्या घराण्याचे नाव इथे जपानी कंपनीच्या शेजारी लागले आहे. आधी क्वालिस, मग इनोव्हा आणि २००९ पासून फॉर्च्युनर, अशा डिझेल गाड्या इथून बाहेर पडल्या. बंगळूरची कुटुंबे शनिवार-रविवारी सकलेशपूर, कोडगूच्या कॉफीच्या मळ्यांकडे निघतात तेव्हा यातली एखादी तरी रस्त्यात भेटतेच. पुढचा कच्चा रस्ता चिखलाचा, चढ उभा, गाडीत आजी-आजोबा आणि मुले. अशी गाडी घेताना शोरूममध्ये हमखास प्रश्न येतो: टर्बो इंजिन घ्यावे की साधे?

टर्बोची कल्पना जुनी आहे. स्वित्झर्लंडचे इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या गरम धुराने एक छोटा पंखा फिरवायचा आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या पंख्याने इंजिनात जास्त हवा कोंबायची. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त जाळता येते आणि लहान इंजिन मोठ्याचे काम करते. हा पंखा मिनिटाला लाखभर फेरे सहज घेतो. ती बारीक शिट्टी त्याचीच.

फरक किती पडतो, ते फॉर्च्युनरच्याच २०२१ च्या मॉडेलवरून कळते. २.७ लिटरच्या बिनटर्बो पेट्रोल इंजिनाची ओढण्याची ताकद, म्हणजे टॉर्क, २४५ न्यूटन मीटर, २.८ लिटरच्या टर्बो डिझेलची ऑटोमॅटिक गाडीत ५००. त्याहून महत्त्वाचे म्हणजे डिझेलची ताकद १,६०० फेऱ्यांपासून मिळते, पेट्रोलला ४,००० पर्यंत चढवावे लागते. दगडगोट्यांतून मुंगीच्या पावलाने जाताना खालच्या फेऱ्यांतली ताकदच कामी येते. डोंगरावर तर टर्बो फारच उपयोगी. लडाखमध्ये पाच हजार मीटरवर हवेचा दाब जवळजवळ निम्मा होतो. साधे इंजिन धापा टाकू लागते, टर्बो ती तूट बऱ्याच अंशी भरून काढतो.

म्हणून टर्बोच घ्यावा असे मात्र नाही. मारुती जिम्नीत टर्बो नाही, टॉर्क १३४ च आहे. पण गाडी जेमतेम बाराशे किलोची आणि लो रेंज गिअरची जोड असलेली, त्यामुळे चिखलात ती भारी गाड्यांना लाजवते. शिवाय टर्बोला जागे व्हायला क्षणभर लागतो. अगदी हळू चढताना पाय दाबला तरी काही होत नाही आणि मग एकदम धक्का बसून चाके घसरतात. उभ्या चढावर ही गंमत राहत नाही. खरेदीआधी चाचणी घ्यायची तर हायवेवर नको. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढावर घ्यावी.

डिझेल घेणाऱ्याने आणखी एक हिशेब करावा. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. ही काजळी जाळायला गाडी पंधरा-वीस मिनिटे सलग वेगात धावावी लागते. सिल्क बोर्डच्या चौकात रोज रांगणाऱ्या गाडीला ते जमत नाही. मग दिवा लागतो, कधी न जळलेले डिझेल ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली तर खूश होऊ नये, गॅरेज गाठावे. आठवडाभर शाळा-ऑफिस एवढेच चालवणार असाल तर पेट्रोल टर्बो बरा. महिंद्राच्या २०२० च्या थारमध्ये दोन लिटरचा तसा टर्बो आला, दीडशे हॉर्सपॉवरचा.

निगा म्हणजे मुख्यतः ऑइल. टर्बोचा दांडा ऑइलच्या पातळ थरावर फिरतो आणि शेजारचा धूर सातशे अंशांपर्यंत तापू शकतो. सकाळी सुरू केल्याबरोबर रेस करू नये. घाट चढून आल्यावर लगेच चावी फिरवू नये. मिनिट-दोन मिनिटे इंजिन जागेवर चालू द्यावे, नाहीतर थांबलेले ऑइल आतल्या आत जळून कोळसा होते. ऑइल पुस्तिकेतल्याच प्रतीचे घालावे. डीपीएफच्या गाडीला कमी राख सोडणारे लागते. दोन-चारशे रुपये वाचवण्याची ही जागा नव्हे. धुळीच्या सहलीनंतर एअर फिल्टर पाहावा: फाटक्या फिल्टरमधून गेलेली वाळू पंख्याची पाती खाते.

धुरावरून रोग ओळखता येतो. काळा धूर आणि दम कमी, तर बहुधा रबरी होज फाटली आहे. ते स्वस्तातले काम. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे आणि ते अंगावर काढू नये. डिझेल इंजिन क्वचित टर्बोतून गळणाऱ्या ऑइलवरच धावू लागते, चावी काढली तरी बंद होत नाही. मॅन्युअल गाडीत अशा वेळी ब्रेक घट्ट दाबून, वरचा गिअर टाकून, क्लच सोडून ते बंद पाडावे. ऑटोमॅटिकमध्ये तेही जमत नाही; मुलांना उतरवून लांब जावे.

ओढा ओलांडताना आधी पाणी मोजावे. फॉर्च्युनरची सांगितलेली मर्यादा ७०० मिलिमीटर, थारची ६५०, तीही संथ पाण्यात. हवेच्या तोंडातून पाणी आत गेले तर कनेक्टिंग रॉड वाकतात. मध्येच बंद पडल्यास पुन्हा स्टार्टर मारू नये, गाडी ओढून काढावी.

जे. सी. रोडवर किंवा शिवाजीनगरच्या गुजरीत जुना टर्बो घेऊन बिनटर्बोच्या जीपला बसवण्याचा मोह काहींना होतो. त्या इंजिनाचे पिस्टन, कूलिंग, डिझेल पंप त्या दाबासाठी बनलेले नसतात. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ परवानगीशिवाय असे बदल करू देत नाही आणि अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते. सेकंडहँड गाडी बघताना थंड इंजिन आपल्यासमोर सुरू करायला सांगावे. टर्बोकडे जाणारी हवेची नळी काढून आत बोट फिरवावे आणि पंखा हलवून पाहावा. ऑइलचा किंचित ओलावा चालतो; डबके असेल किंवा पाती कडेला घासत असतील, तर नव्या टर्बोचा खर्च किमतीतून वजा करून मगच पुढे बोलावे.