तांदळाचा कोंडा आणि कोंबड्यांचे दुखणे

तांदूळ जितका शुभ्र तितका उत्तम, असे सामान्यतः समजले जाते. परंतु याच शुभ्रतेपायी आशिया खंडात असंख्य माणसे बेरीबेरी या रोगाला बळी पडली. या रोगात पाय लुळे पडतात व अखेर हृदय निकामी होते.

त्याचा उलगडा झाला तो कोंबड्यांमुळे. जावा बेटावरील बटेव्हिया (आजचे जाकार्ता) येथे आइकमन हे डच वैद्य या रोगाचे जंतू शोधीत होते. १८८९ साली त्यांच्या प्रयोगशाळेतील कोंबड्या लंगडू लागल्या आणि काही महिन्यांनी आपोआप बऱ्या झाल्या. चौकशीअंती कळले की, मधल्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयातील उरलेला पांढरा भात मिळत असे. नव्या आचाऱ्याने तो देण्याचे नाकारताच दुखणे थांबले होते.

भातात काही विषारी द्रव्य असावे, असा आइकमन यांचा तर्क होता. १९०१ मध्ये त्यांचे सहकारी ग्राइन्स यांनी दाखवून दिले की, रोगाचे कारण भातात असलेली वस्तू नसून नसलेली वस्तू होय. ती म्हणजे कोंड्याबरोबर निघून जाणारे ब-१ जीवनसत्त्व.

साळ भिजवून उकडली असता हे जीवनसत्त्व कोंड्यातून दाण्यात मुरते व सडल्यानंतरही बरेचसे टिकते. म्हणूनच कोकण, केरळ व बंगालमधील उकडा तांदूळ अधिक पौष्टिक ठरतो. मात्र तांदूळ फार चोळून धुऊ नये आणि भाताचे पाणी ओतून देऊ नये. कारण हे जीवनसत्त्व पाण्यात सहज विरघळते.