झोपलेला स्नायू की मेलेला?

गेल्या उन्हाळ्यात कसबा बावड्यातले एक ऊसवाले काका फाइल घेऊन माझ्या दवाखान्यात आले. दोन महिन्यांपूर्वी झटका येऊन गेलेला, तिन्ही करोनरी धमन्यांत अडथळे, इकोमध्ये ‘पंपिंग’ 30 टक्के. बायपासआधी हृदयाची व्हायेबिलिटी तपासा, असे तज्ज्ञांनी लिहिले होते. “डॉक्टर, आधीच एवढा खर्च झालाय. ही आणि कसली तपासणी?”

मी त्यांच्याच शेतावर आलो. पाण्याची पाळी चुकली की सगळा ऊस सारखाच करपलेला दिसतो. बुडखा जिवंत असेल तर पाणी मिळताच फुटवे येतात. नसेल तर पाट सोडूनही उपयोग नाही.

हृदयाचेही तसेच. रक्त तुटले की काही पेशी मरतात आणि तिथे व्रण उरतो. काही पेशी मात्र आकुंचन थांबवून जेमतेम जगत राहतात. इकोवर दोन्ही भाग निश्चलच दिसतात. या दुसऱ्या अवस्थेची, स्नायूच्या शीतनिद्रेची, कल्पना 1980च्या दशकात रूढ केली ती मुंबईत जन्मलेल्या आणि अमेरिकेत काम केलेल्या डॉ. शहाबुद्दीन रहिमतुला यांनी.

तिचा शोध घेण्याच्या वाटा अनेक. डोब्युटामिन हे औषध थोडे दिले की झोपलेला भाग हलू लागतो, मात्रा वाढवली की पुन्हा मंदावतो. एमआरआयमध्ये गॅडोलिनियम व्रणात रेंगाळते. व्रणाने भिंतीची निम्म्याहून अधिक जाडी व्यापली असेल तर तो भाग सुधारण्याची आशा थोडी. पेट स्कॅन जिवंत पेशी साखर घेतात का ते पाहतो, पण त्यातले फ्लोरिन-18 दर 110 मिनिटांनी निम्मे होते. पुण्याहून गाडीने चार तास धरले तर कोल्हापुरात जेमतेम पाचवा हिस्सा पोहोचेल!

इथवर सगळे सरळ वाटते. पण 2011 साली ‘स्टिच’ या चाचणीतल्या 601 रुग्णांच्या विश्लेषणाने धक्का दिला. जिवंत स्नायू असलेल्यांनाच बायपासचा जास्त फायदा होतो, असे दिसलेच नाही. त्याच चाचणीत दहा वर्षांनी बायपासवाल्यांत 58.9 टक्के, तर केवळ औषधांवरच्या रुग्णांत 66.1 टक्के मृत्यू नोंदले गेले. म्हणजे शस्त्रक्रियेचा लाभ होता, तपासणीला तो आधी ओळखता आला नाही. अँजिओप्लास्टीची कथा आणखी वेगळी. 2022च्या ‘रिव्हाइव्हड’मध्ये 700 रुग्ण होते, सर्वांचा स्नायू जिवंत ठरलेला, तरी औषधांच्या तुलनेत मृत्यू वा हृदय निकामी होऊन रुग्णालयात भरती होणे कमी झाले नाही.

म्हणून मी या तपासणीला दाराची कडी मानत नाही. धमन्या बायपासजोग्या आहेत का, मधुमेह, मूत्रपिंडे, वय यांच्या जोडीने ती वाचावी. आणि औषधे तर दोन्हीकडे घ्यावीच लागतात, हे रुग्ण हमखास विसरतात.

काकांच्या एमआरआयमध्ये पुढची भिंत बरीचशी जिवंत निघाली, मागची व्रणाची. जूनमध्ये बायपास झाली. गणपतीनंतरच्या इकोत पंपिंग 38 टक्के आले. मागची भिंत अजून हलत नाही, पण काका बांधापर्यंत चालत जातात.