टेंडर कधी लागते, सूट कधी मिळते?

पालिकेचे काम ओळखीवाल्यालाच मिळते, असा आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांचा समज आहे. म्हणून गणवेश शिवणारा किंवा लोखंडी बाक बनवणारा माणूस पालिकेची पायरीच चढत नाही. आमचे म्हणणे असे की, आधी नियम समजून घ्यावेत.

मुंबई महानगरपालिकेचा कारभार १८८८ च्या कायद्यानुसार चालतो. त्यातील कलम ७२ प्रमाणे ठरावीक रकमेपेक्षा मोठे काम द्यायचे किंवा माल घ्यायचा तर वर्तमानपत्रात जाहिरात देऊन निविदा मागवाव्या लागतात. त्याखालची लहान खरेदी दरपत्रके म्हणजे कोटेशन मागवून होऊ शकते. नवख्या कारागिराने सुरुवात येथूनच करावी. आणखी एक गोष्ट: कोणतीही निविदा स्वीकारण्याचे बंधन आयुक्तांवर नसते. सर्व बाजू पाहून पालिकेच्या सर्वांत फायद्याची निविदा ते निवडू शकतात. तेव्हा केवळ दर पाडून काम मिळेल, या भरवशावर राहू नये.

आता सूट. त्याच कलमात स्थायी समितीला निविदेशिवाय करार करण्यास परवानगी देता येते. मात्र त्याची कारणे कामकाजात नोंदवावी लागतात. ही कारणे कोणती असावीत, यावर सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली मीरत नगर निगम विरुद्ध अल फहीम मीट एक्स्पोर्ट्स या खटल्यात स्पष्ट मत दिले. वाद मीरतच्या कत्तलखान्याच्या ठेक्याचा होता. सरकारी किंवा पालिकेचा ठेका सर्वसाधारणपणे जाहीर लिलाव किंवा निविदेनेच द्यावा, असे न्यायालयाने सांगितले. अपवाद मोजकेच: नैसर्गिक आपत्ती किंवा आणीबाणीची परिस्थिती, माल एकाच ठिकाणी मिळत असणे, एकाच पुरवठादाराकडे हक्क असून दुसरा पर्याय नसणे, किंवा वारंवार लिलाव पुकारूनही कोणी न येणे अथवा बोली फारच कमी येणे. ओळख आणि जुना संबंध या यादीत नाहीत.

दुसरी गफलत ‘उद्यम’ नोंदणीबाबत होते. केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणात सूक्ष्म व लघु उद्योगांना टेंडरचे कागद मोफत मिळतात आणि इसारा अनामत रक्कम माफ असते. परंतु ते धोरण केंद्रीय मंत्रालये, खाती व केंद्राच्या सार्वजनिक कंपन्यांसाठी आहे. पालिकेत तशी सवलत आहे की नाही, हे त्या निविदेच्या अटीतच वाचावे. शिवाय केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळत असली तरी तिचा लाभ बँकेच्या अग्रक्रमाच्या कर्जापुरताच आहे. दुकानदाराने त्या कागदाच्या जोरावर अनामत भरली नाही, तर निविदा पहिल्याच छाननीत बाद होऊ शकते.

बांधवांनी एवढे करावे:
१) पॅन, जीएसटी, उद्यम व पूर्वीच्या कामाचे दाखले एका फायलीत ठेवावेत.
२) निविदा ऑनलाईन भराव्या लागतात, म्हणून डिजिटल सही आधीच काढून ठेवावी.
३) अटींबद्दल शंका असल्यास मुदतीच्या आत लेखी विचारावे.
४) निविदेशिवाय काम दिल्याचे कळल्यास माहिती अधिकाराखाली ठरावाची व कारणांची प्रत मागावी.

नुसती कुरकुर करून दप्तर हलत नाही. लेखी अर्जाला मात्र उत्तर द्यावे लागते.