आजेसासूबाईंचा कागद

आमच्या आजेसासूबाई आम्हा सुनांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायच्या. बेचाळीसच्या चळवळीत रात्री-अपरात्री मागचं दार वाजायचं. त्या चूल पेटवायच्या, पंधरा-वीस भाकऱ्या थापायच्या आणि फडक्यात बांधून द्यायच्या. कुणासाठी, ते विचारायचं नाही. पुढे १९७२ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन सुरू झाली तेव्हा गावातली मंडळी म्हणाली, "काकू, तुम्हीपण अर्ज करा की." पण पुराव्याचा कागद कुठून आणणार? तुरुंग नाही, वॉरंट नाही, जप्ती नाही.

"भाकरीचा कुठं कागद असतो व्हय?" असं म्हणून त्या हसायच्या.

त्या गेल्या. मंडळात आम्ही ९ ऑगस्टला क्रांतिदिन करतो. त्यात एका कॉलेजच्या मुलीनं विचारलं, "मावशी, तेव्हा बायकांनी काय केलं?" मला नीट उत्तर देता येईना. म्हणून भाचीला हाताशी धरलं आणि शोध सुरू केला.

मैत्रिणींनो, सरकारी दप्तर म्हणजे फक्त प्राध्यापकांचं काम, असं मलाही वाटायचं. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारानं कितीतरी जुन्या फायली 'अभिलेख पटल'वर ठेवल्यात. त्या मोबाइलवर दिसतात. मुंबईत काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. सातारा जिल्ह्याचं गॅझेटियरही वाचायला मिळतं. फायली बहुतेक इंग्रजीत. भाची वाचायची, मी वहीत टिपायची.

सुरुवातीलाच चुकलो. आम्ही 'सांगली' शोधत बसलो! अहो, १९४२ मध्ये तासगाव, वाळवा हे तालुके सातारा जिल्ह्यात होते. दक्षिण सातारा वेगळा झाला १९४९ मध्ये आणि त्याचं नाव सांगली झालं १९६० मध्ये. आणि कुंडल तर औंध संस्थानात. तिथं इंग्रजांच्या पोलिसांचा थेट अंमल नव्हता, म्हणून तर ते भूमिगतांना सोयीचं पडलं. तिथली हकिगत नुसत्या ब्रिटिश जिल्ह्याच्या कागदांत कशी सापडेल?

एकदा हे कळल्यावर धागे जुळायला लागले. तासगावच्या कचेरीवर ३ सप्टेंबर १९४२ चा मोर्चा. ९ सप्टेंबरला वडूजला गोळीबार, त्यात परशुराम घार्गे आणि त्यांचे सोबती हुतात्मा झाले. दुसऱ्या दिवशी इस्लामपूर. मग तारा तोडणं, चावड्या जाळणं, आणि १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार. (चावड्या जळाल्या म्हणजे गावचे कागदही जळालेच की! त्यातली गंमत मला घरी आल्यावर कळली.)

पण कागद लिहिणारा होता सरकारी अधिकारी. त्याच्या लेखी हे दरोडेखोर, गुन्हेगार. ज्याला पकडायचं त्याचंच नाव तो लिहिणार. भाकऱ्या देणारी, चिठ्ठी पोचवणारी बाई सापडलीच नाही, म्हणजे ती कागदावरही आली नाही. खरं तर तिचं कामच न सापडण्याचं होतं. नाना पाटलांच्या लेक हौसाताई यांनी भवानीनगरच्या पोलीस चौकीसमोर नवरा-बायकोच्या भांडणाचं सोंग रचलं. पोलीस सोडवायला धावले आणि इकडे सोबत्यांनी बंदुका पळवल्या. हे आपल्याला माहीत आहे, कारण हौसाताईंनी ते स्वतः सांगितलं. त्या २०२१ मध्ये गेल्या. कासेगावच्या इंदुताई पाटणकरांसारख्या आणखीही होत्या.

आजेसासूबाईंचं नाव मला एकाही फायलीत मिळालं नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

आता आमच्या मंडळानं एक वही घातलीय. तेव्हा दहा-बारा वर्षांच्या असलेल्या बाया आज नव्वदीच्या पुढं आहेत. आमच्या आळीत एकच उरल्यात. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "आमी काय केलं गं? काय नाय." दुसऱ्या दिवशी चहा घेता घेता म्हणाल्या, गवताच्या भाऱ्यात चिठ्ठी घालून वस्तीवर नेऊन द्यायचे. कुठली वस्ती, कुणाचा मळा, ओढा कुठल्या अंगाला, सगळं आठवतंय. माहेरचं नाव, सासरचं नाव, तेव्हाचा तालुका असं आम्ही वर लिहून घेतलं आणि ती वस्ती त्या वर्षाच्या फायलीत येते का, ते भाची बघतेय. येत्या गुरुवारी पुन्हा जायचंय. येताना तंबाखूची मिश्री आणा, असं त्यांनी बजावलंय.